ठकूआजीच्या दाराशी लागलेला अंगठा

मी दिवसभर मशीनवर लोकांचे अंगठे घेतो. त्यामुळे भुताखेतांचं सोडाच, माणसांच्या बोलण्यावरही माझा पटकन विश्वास बसत नाही... स्क्रीनवर हिरवं आलं तरच खरं. तरीही हे लिहितोय.

चाकणला तळेगाव रस्त्यावर माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. निवृत्तांचे हयातीचे दाखले हे तिथलं मोठं काम. म्हातारा माणूस समोर बसून चहा पीत असतो, पण अंगठा जुळल्याशिवाय तो कागदोपत्री जिवंत नाही.

आणि त्या वर्षी माझी स्वतःची आईच जिवंत ठरेना! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

आम्ही मूळचे लातूरकडचे. दुष्काळात गाव सुटलं, वडील इथं कंपनीत लागले. आईनं पॅकिंग खात्यात वर्षानुवर्षं पुठ्ठे हाताळले, बोटांवर रेषाच उरल्या नाहीत. चेहऱ्याच्या ॲपवरही ‘जुळत नाही’. वडिलांमागे मिळणारी तिची पेन्शन थांबली. मला न सांगता ती बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊ लागली. कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

अशात ठकूआजींकडे जावं लागलं. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, म्हणून घरपोच सेवा. त्यांचं गाव धरणात गेलं, तेव्हापासून त्या चाकणबाहेरच्या पुनर्वसन वसाहतीत राहतात. घर आता स्लॅबचं, पण दार जुनंच — पाणी चढायच्या आधी बैलगाडीतून काढून आणलेलं.

अंगणात तीनदा अंगठा घेतला. लाल.

"आरं, हितं काय घेतोस? दाराशी चल," आजी म्हणाल्या. डावा तळवा दाराला टेकवला, उजवा अंगठा मशीनवर. हिरवं.

नेटवर्कचा खेळ असेल म्हणून परत अंगणात आणलं. लाल. दाराशी — हिरवं. चार वेळा हेच. मी मशीन उलटंपालटं करून पाहिलं, आजी मात्र हसत होत्या.

"लगीन हून आले तवा हळदीचं हात ह्याच दारावर उमटवल्यालं. त्याला मी ठावी हाय. तुज्या मशिनीला काय ठावं?"

गरजवंताला अक्कल नसते. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. तिनं दाराला हात लावला, मी अंगठा घेतला. लाल. पाच वेळा लाल.

"चल बाबा," आई म्हणाली. "आपण परक्या मुलखातले. हे दार काय वळखंल मला?"

"वळख काय पयल्याच दिशी व्हती व्हय?" ठकूआजींनी तिचा हात धरला. "सुलू, दुपारची येत जा हितं."

मला हसू आलं, थोडा रागही आला. पण आई जाऊ लागली. दोघी उंबऱ्याशी बसून लसूण सोलायच्या, आपापल्या सुटलेल्या गावाच्या गोष्टी सांगायच्या. आईनं एकदा दाराला तेलही लावलं. नवव्या दिवशी सहज मशीन घेऊन गेलो. आईनं तळवा टेकवला. ठकूआजी म्हणाल्या, "ही बी आपलीच हाय." मला नाही, दाराला.

हिरवं.

आई रडली. मीही रडलो, सांगायला लाज नाही.

आता तुम्ही म्हणाल, तेलानं ठसा उमटला असेल. दुकानात आईच्या बोटाला तेल लावून पाहिलं — लाल. मशीनसुद्धा बदललं, तरी तेच. दुरुस्तीवाला मित्र म्हणतो, "सेन्सरचं काहीतरी असेल, राव." असेलही. त्यानंतरच्या दोन वर्षांत आईचे दोन दाखले झाले, दोन्ही त्याच दाराशी. मला कारण सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर हल्ली मी शोधतही नाही. पेन्शन वेळेवर येते, गोळी रोज घेतली जाते.

दाखल्याचं काम वर्षातून एकदाच असतं, पण आई अजून रोज दुपारी तिकडं जाते. परवा जिन्यात शेजारणीनं विचारलं, "काकू, रोज कुठं निघता हो?"

चपला घालता घालता आई म्हणाली, "माहेरी."