एकाच खेपेत

पंधरा दिवसांनी पुलाचा शेवटचा लोखंडी गर्डर चढणार, हे कळलं आणि घारताईला आधी धास्तीच वाटली. आनंद झाला तो वेगळाच.

उंच काचेच्या केबिनमध्ये बसून क्रेन चालवते म्हणून सगळी साइट तिला घारताई म्हणायची. पुलाचा एकूण एक गर्डर तिनेच उचललेला. मध्ये क्षयाने गाठलं. औषधांनी खोकला पळाला, थुंकीची तपासणी स्वच्छ आली, कामावर जायची परवानगीही मिळाली. पण सकाळी गोळ्या घेतल्या की मळमळ, कळा आणि संडासकडे धावाधाव! केबिनपासून जमिनीपर्यंत दीडशे पायऱ्यांची उभी शिडी.

"काय ताई, आज किती फेऱ्या?" मुकादम वॉकीटॉकीवर विचारायचा.

"तूच मोज. तेवढंच तर जमतं तुला."

गर्डरची बातमी आली त्या दिवशी मात्र तो हसला नाही. "रागावू नका ताई, पण गर्डर लटकता ठेवून तुम्हाला उतरता येणार नाही. त्या दिवसापुरता बदली माणूस बोलवू का?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माझा गर्डर आणि परका हात?

मग युक्ती सुचली. ओझं जड असलं की खेपा वाढवायच्या, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. तिने सकाळच्या चार गोळ्या एकेक करून दिवसभरात घ्यायला सुरुवात केली. पोट जरा निवलं. स्वारी खूश! तीन दिवसांनी दवाखान्यात तिने ही हुशारी डॉक्टरीणबाईंना आपणहून सांगितली, शाबासकी मिळेल म्हणून.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गर्डर तुकडे करून चढवता का हो?"

"छे! मग तो गर्डर कसला?"

"डोसही तसाच, अख्खा लागतो. तुकड्यातुकड्याने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात."

घारताईचा चेहरा उतरला. "पण बाई, पोटाचं काय करू?"

"ते मला आधी सांगायचं!"

रक्त तपासलं, गोळ्यांनी यकृताला धक्का लागला नव्हता. सकाळच्या गोळ्या संध्याकाळवर गेल्या, हलकं खाऊन, चारही एकदम. त्याआधी मळमळीची एक गोळी. दोन-चार दिवस कळा आल्या, मग कमी झाल्या. सकाळ कळांशिवाय, शांत उजाडू लागली.

आणि तो दिवस आला! गर्डर जमिनीवरून सुटला, वाऱ्यात किंचित डुलला. सगळी साइट माना वर करून उभी.

"हळू... डावीकडे... दोन बोटं अजून..." मुकादम वॉकीटॉकीवर सांगत होता. घारताई नेमका तेवढाच सरकवत होती. पाच तास ती जागची हलली नाही. गर्डर टेकला, बोल्ट बसले, खाली एकच जल्लोष!

"ताई, उतरा लवकर! सगळे थांबलेत!"

"उतरते रे. घाई कुठाय?"

त्या दीडशे पायऱ्या ती कित्येक दिवसांनी सावकाश उतरली. संध्याकाळच्या चार गोळ्या घरी वाट बघत होत्या. अजून चार महिने.