आधी जेवा, भाऊजी

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नवराबायको ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो. पोलिसाच्या हातून दाणे कमी अन् कचराच जास्त निघते, असं म्हणून ती हसली. बोलता बोलता ठाण्यातल्या एका जुन्या प्रकरणावर आलो. ते आज लिहितो, कारण त्याचा तपास खरा तिनंच लावला.

तेव्हा मी पिंपळगाव राजाकडच्या एका ठाण्यात जमादार होतो. नाल्यात दारूची चोरटी भट्टी चालते, अशी खबर आली. गिऱ्हाइकांत माझाच दोस्त होता, वांगी-मिरची पिकवणारा माळी. त्याला ठाण्यात आणला. आधी तोंड हुंगायचं, मग विचारपूस, ही आमची रीत. हुंगलं, दरडावलं. भट्टीची जागा सांगेना. दारू सोडावी वाटते अन् सोडवत बी नाही, एवढंच म्हणे. मला ते ढोंग वाटलं.

दुपारी त्याला जेवायला घरी नेला. बायकोनं उपदेश केला नाही. ताट वाढलं.

"आधी जेवा, भाऊजी." मग सावकाश विचारलं, "दारू काय देते तुम्हाले?"

"झोप देते, वहिनी."

"अन् नेते काय?"

तो भाकरी चुरत राहिला. "पोरगी जवळ येत नाही. वास येते म्हणते."

"तुमचं तुम्ही पाहा. प्या नाहीतर सोडा, तुमचं ताट इथं राहीलच."

हात धुऊन तो मला म्हणाला, "चाल, जागा दाखवतो." पंचांसमोर भट्टीची मडकी त्यानंच फोडली. पुढं बाजाराच्या दिवशी घसरला, तोंड लपवत आला. तिनं तसंच वाढलं. असं होता होता दारू सुटली. नोकरीभर मी माणसं बोलती केली, पण माझ्यासमोर ती माणसं भीतीनं बोलली. तिच्यासमोर तो मनातलं बोलला. एवढं मला तिच्याकडून कळलं.

ती गेली, तिला मसणात पोचवून आलो. सुतकात चूल पेटत नाही, म्हणून संध्याकाळी तोच माळी घरून भाकरी घेऊन आला. कोणीच जेवलं नाही.

"आता कोणापाशी येऊ बे?" तो म्हणाला. "आज प्यावं वाटते."

मी भाकरी झाकून ठेवली. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भाकरी फडक्यात बांधून मी त्याच्या मळ्यात गेलो. तो बांधावर बसला होता. त्याचं तोंड मी हुंगलं नाही. फडकं सोडलं, अर्धी भाकरी त्याच्यापुढं ठेवली.

"आधी जेव," म्हटलं, अन् उरलेली मी खाल्ली.