लीलाधर लाइनमनच्या छातीतलं मशीन

इतवारा मोहल्ल्यात लाइट गेली की लोक बिजली ऑफिसला फोन लावायच्या आधी लीलाधर महाजनला हाक मारायचे. लाइनमन म्हणून त्याची सगळी नोकरी बुऱ्हाणपुरात गेली. वैशाखातल्या वादळात बहादरपूरकडच्या केळीच्या बागा आडव्या व्हायच्या, त्यांच्याबरोबर खांबही पडायचे, आणि मग लीलाधर दिवसच्या दिवस घरी दिसायचा नाही. आला की अंघोळीआधी जेवायला बसायचा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं.

एका गोष्टीवर मात्र तो कधी हसला नाही. त्याचा जोडीदार कौतिक एकदा बंद म्हणून सांगितलेल्या लाइनवर चढला आणि वरच चिकटला. त्याला खाली उतरवणारा लीलाधरच होता. करंटने माणूस कसा ताणला जातो, दात कसे आवळले जातात, हे त्याने हातभर अंतरावरून पाहिलं होतं. त्यानंतर तो घरातला साधा होल्डर बदलतानाही मेन स्विच काढायचा आणि बायकोला, मालूबाईला, तिथे उभं करायचा.

पन्नाशी ओलांडल्यावर त्याला हार्ट अटॅक आला. इंदूरला नेलं, स्टेंट टाकला, जीव वाचला. पण हृदयाचा मोठा भाग कमजोर होऊन बसला. पुढे काही महिन्यांनी शनवारा बाजारात भाजी घेता घेता तो शुद्ध हरपून पडला. पुन्हा इंदूर. तिथले डॉक्टर मराठी घरातले होते. त्यांनी समजावून सांगितलं, ठोके मधूनच भरकटतात, आणि अशा वेळी मिनिटांत खेळ संपू शकतो. त्याला उपाय म्हणजे काडेपेटीएवढं मशीन, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवायचं. त्याची तार हृदयात जाते. ते रात्रंदिवस लक्ष ठेवतं आणि ठोके भरकटले की आतूनच झटका देऊन परत ताळ्यावर आणतं.

“म्हणजे करंट?” लीलाधरने विचारलं.

“हो. पण जीव वाचवणारा.”

तो मालूबाईला म्हणाला, “सारी उमर ज्याच्यापासून लांब राहिलो, ते आता आत बसवू राहिले.”

मालूबाई म्हणाली, “बसवून घ्या. मला बाकी काही कळत नाही.”

त्याने बसवून घेतलं. बरोबर एक छोटा डबाही मिळाला, पलंगाजवळ ठेवायचा. छातीतल्या मशीनची खबर तो डबा आपोआप इंदूरला पोचवायचा. एखाद्या सकाळी तिथून फोन यायचा, “काका, काल धडधड झाली का? गोळी चुकली का?” लीलाधरला याचं फार नवल वाटायचं. आल्यागेल्याला तो डबा दाखवायचा.

खांबावर चढणं मात्र संपलं. डॉक्टरांनी ट्रान्सफॉर्मरजवळही जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. ऑफिसने त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं. लोकांची अंधाराची गाऱ्हाणी ऐकायची आणि दुसऱ्याला पाठवायचं. तिथे तो अर्ध्या आवाजात बोलायला शिकला.

पहिला झटका बसला तेव्हा तो मोरीतून बाहेर येत होता. डोळ्यांपुढे अंधारी आली, मालूबाईने धावत येऊन हात धरला, आणि त्याच क्षणी तो धाडकन उडाला. तिच्या बोटांनाही मुंग्या आल्या. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, “बैलाने आतून लाथ घातली.” इंदूरहून फोन आला, मशीनने वेळेवर काम केलं, नाहीतर काका आज नसते. मालूबाईने देवापुढे नारळ फोडला. आणि ते खोटं नव्हतं. त्या मशीनमुळेच त्याने मुलीचं, पल्लवीचं, लग्न पाहिलं. ती खंडव्याला सासरी गेली, तिला मुलगी झाली, त्या नातीला त्याने मांडीवर खेळवलं.

पण त्या दिवसानंतर तो मोरीत एकटा जाईना. पुढचा झटका जिन्यात बसला, मग जिना सुटला. तापीवर राजघाटाला जाणं सुटलं, लग्नकार्यं सुटली. कधी कधी झोपेतून दचकून उठायचा आणि झटका बसला म्हणून सांगायचा. इंदूरवाले म्हणायचे, मशीनमध्ये तशी काही नोंद नाही. मोठ्याने हसणारा माणूस हसताना छातीवर हात ठेवू लागला, आणि पुढे हसेनासा झाला.

गेल्या वर्षी हृदय आणखी थकलं. पाय सुजले, पोटात पाणी भरलं, मूत्रपिंडांनी हात टेकले. इंदूरला पंधरवडाभर ठेवून डॉक्टरांनी पल्लवीला बाजूला घेतलं. “आता त्यांना घरी न्या. हवं ते खायला द्या.” श्वासाचं औषध कसं द्यायचं, कुशीवर कसं वळवायचं, सगळं सांगितलं. मशीनचं कोणीच काही बोललं नाही, आणि विचारायचं असतं हे पल्लवीलाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर काही दिवस शांत गेले. मग एका सकाळी चहाचा घोट घेताना तो उडाला. कप भिंतीवर जाऊन फुटला. त्याचा श्वास जागेवर येतोय तोच पुन्हा झटका. मग पुन्हा. मरायला टेकलेलं हृदय भरकटत होतं आणि मशीन त्याला ओढून आणत होतं. दर वेळी अंग कमानीसारखं ताणलं जायचं, दात आवळले जायचे. मधल्या वेळात तो पूर्ण शुद्धीवर असायचा, पुढच्याची वाट बघत. “कौतिक,” एकदा तो पुटपुटला. मालूबाईने तोंडात पदर कोंबला.

गल्लीतले डॉक्टर आले आणि नाडी धरून उभे राहिले. “असं मशीन मी कधी हाताळलं नाही,” ते म्हणाले. पल्लवीने इंदूरला फोन लावला आणि तिचा आवाजच चढला.

“सर, वो मशीन बंद करा! पप्पा मरत नाहीयेत, भाजले जाऊ राहिलेत!”

डॉक्टर म्हणाले, झटके बंद करता येतात, पण त्याचं यंत्र लागतं. ते घेऊन कंपनीचा माणूस उद्या सकाळी पोचेल. तोवर एकच करता येईल. जोरदार चुंबक मशीनच्या बरोबर वर ठेवा. चुंबक आहे तोवर झटका बसणार नाही. “पण समजून घ्या, मग ठोके भरकटले तर त्यांना परत आणणारं काही नसेल.”

फोन स्पीकरवर होता. मालूबाईने सगळं ऐकलं.

“म्हणजे आपल्या हातांनी?” ती म्हणाली. “ज्याने इतकी वर्षं वाचवलं त्याचंच तोंड दाबायचं?”

“आई, हे वाचवणं नाही राहिलं आता.”

“तुझं काय जातं! तू खंडव्याला जाशील निघून.”

पल्लवीला ते लागलं, पण ती उलटून बोलली नाही. ती बापाजवळ बसली आणि डॉक्टरांचं बोलणं तिने त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

“पप्पा, काय करू?”

“लाइन बंद कर, बेटा.” मग बायकोकडे बघून तो म्हणाला, “मालू, थकलो ग मी.”

लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत त्याने तिला चारचौघांत नावाने हाक मारली नव्हती. ती भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळाने मुलीला म्हणाली, “जा. आण.”

चुंबक आणायचं कुठून? गल्लीच्या टोकाला दगा नावाचा माणूस बँडवाल्यांचे भोंगे आणि स्पीकर दुरुस्त करायचा. पल्लवी धावत गेली. धापा टाकत तिने कारण सांगितलं, त्याला अर्धंच कळलं. त्याने एका जळलेल्या स्पीकरचा मागचा भाग छिन्नीने सोडवला आणि काळं, जड कडं फडक्याने पुसून तिच्या हातात दिलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी ते छातीवरच्या उंचवट्यावर ठेवून पट्टीने चिकटवलं. घामाने पट्टी सुटू लागली, तेव्हा मालूबाईने ते हाताने दाबून धरलं. दुपार कलली. झटका आला नाही. लीलाधरच्या खांद्यांतला ताण हळूहळू उतरला. त्याने दोन चमचे ताक घेतलं, नातीचं विचारलं आणि झोपी गेला. मालूबाईचा हात भरून आला तरी तिने चुंबक पल्लवीला धरू दिलं नाही.

उजाडता उजाडता त्याच्या श्वासातली अंतरं वाढत गेली, आणि मग पुढचा श्वास आला नाही.

बॅग घेऊन कंपनीचा माणूस आला तेव्हा ओट्यावर माणसं बसलेली होती, तिरडी बांधणं चाललं होतं. तो संकोचून दारातच थांबला. मग पल्लवीला म्हणाला, “मॅडम, मशीन काढावी लागेल. आगीत बॅटरी फुटते.”

दोरी ओढणारे हात थांबले. गल्लीतल्या डॉक्टरांनी आतल्या खोलीत दार लावून ते काम केलं. बाहेर एक म्हातारा पुटपुटला, मेल्यावरही चिरायचं, हे कुठलं शास्त्र? मालूबाईने ते ऐकलं. तिने फक्त नवीन बंडी आत पाठवली, टाके झाकायला.

दिवसकार्य झाल्यावर पल्लवीने इंदूरच्या डॉक्टरांना फोन केला. “घरी सोडलंत त्याच दिवशी का नाही सांगितलं, सर? इतकं सगळं सांगितलंत.”

“सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. “ते बंद करायचं बोलणं आम्हालाही जड जातं. म्हणून टळतं.”

तिला भांडायचं होतं. पण समोरून भांडण आलं नाही, आणि तिने फोन ठेवला.

मालूबाई कोणालाच जवळ येऊ देईना. आठवडाभर ती उजवा हात मांडीवर उलटा ठेवून बसायची. “मी धरून ठेवलं म्हणून गेले का ग?” हा प्रश्न तिने पल्लवीला कितीदा विचारला. पल्लवी दर वेळी नाही म्हणाली. मालूबाईने ऐकून घेतलं. पटलं की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही. बायका भेटायला आल्या आणि शेवट कसा झाला म्हणून विचारू लागल्या, की ती एवढंच सांगते, “झोपेत गेले. तकलीफ नाही झाली.”