गाऱ्हाण्याची जागा

परशुराम गावकराच्या घराण्याकडं गावच्या गाऱ्हाण्याचा मान होता. लोकांचं सुखदुःख देवापुढं बोलायचं, आणि भोवतालच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. एकोणपन्नास साली त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि मान सुटला. आवाज मात्र त्याच्याबरोबर आला. वालावलच्या खाडीपलीकडं ख्रिस्ती घरं पाचच. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा मुंबईला निघाला, की माणसं परशुरामाच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येत. तो कमरेला पंचा आवळून उभा राही आणि त्यांच्या वतीनं येशूला गाऱ्हाणं घाली. आठ वर्षं हे चाललं. त्याला ते मनापासून आवडे.

सत्तावन्न सालच्या मार्गशीर्षात वेंगुर्ल्याहून एक उपदेशक आले. येशू हाच आपला महायाजक, देवापुढं आपल्या वतीनं उभा राहणारा, असं त्यांनी समजावलं. त्यानं स्वतःचाच बळी दिला. आता तो देवबापाजवळ आपल्यासाठी अखंड रदबदली करतो. परशुराम आठवडाभर भात झोडत तेच घोळवत राहिला. तर मग आपण इतकी वर्षं कुणाच्या जागी उभे आहोत?

अशात एका सकाळी शेजारची सुभद्रा धावत आली. तिची एकुलती लेक जानकी दोन दिवस कळा देत होती. सुईण बसून होती, मूल येत नव्हतं.

“परशुदादा, ऊठ! गाऱ्हाणा घाल रे!”

परशुरामानं पंचा उचलला, क्षणभर हातात धरला आणि खाली ठेवला.

“सुभद्रे, आज तू घाल.”

“मी? आणि तू काय करतलंस? सुपारी खातलंस, मेल्या?”

“तुज्या बाजूक उभो रवतंय. तुज्यासाठी बोलणारो येशू आसा गो. मधे मी कित्याक होयो?”

“माका तुज्यासारख्या बोलूक येणा नाय. चुकलंय तर?”

“चुकलंस तर तो सांभाळून घेतलो.”

सुभद्रा चिडली, रडली. मग डोळे पुसून तिथंच उभी राहिली.

“येशूबाबा, माजी जानकी सोडय रे. माका दुसरा कोण नाय. तुका सगळा ठावक आसा, मी आणखी काय सांगू?”

तिला पुढं काही सुचेना. परशुराम तिच्याशेजारी मान खाली घालून म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

दुपारी जानकी मोकळी झाली. मुलगी झाली.

पुढच्या रविवारी सुभद्रा कुणी न सांगता प्रार्थनेला उभी राहिली. तिचं पाहून पाच घरांतलीच एक सून यशोदाही उठली आणि सासूदेखत सासूचीच तक्रार येशूपुढं मांडू लागली. सासू मधेच म्हणाली, “खोटा बोलता ती!” माणसं हसली. आईचं दूध सुटून नुकती ताटावर बसलेली मुलं थोडं सांडणारच, असं परशुरामाच्या मनात आलं. चटईवर बसल्या बसल्या त्याचा घसा शिवशिवत होता. तो उठला नाही.