चौकशीच्या गावचं ताक

आमचे नीलकंठमामा धारला एका कचेरीत चौकशी-कारकून होते. हुकूम निघण्याआधी गावोगाव फिरून लोकांचं म्हणणं लिहून आणायचं, हे त्यांचं काम. चौकशीच्या गावात ते कोणाचं पाणीसुद्धा घेत नसत. पोहे, गूळ आणि पाण्याचा तांब्या घरून. "एका घरी खाल्लं की लेखणी त्या घराकडे वळते," म्हणायचे. या नियमाचा त्यांना भारी ताठा होता आणि प्रमोदिनीमामीला वैताग.

१९०९ च्या हिवाळ्यात तिरला गावापलीकडचं एक कुरण गुरांना बंद करून गवत सरकारी घोड्यांसाठी राखावं का, ही चौकशी मामांकडे आली. गावच्या पाटलाने दूध पुढे केलं. मामांनी हात जोडले. पाटील मुरलेला गडी. हसला, खाट टाकली आणि दोन तास बोलला. कुरण बंद झालं तर गवतकापणीचा ठेका त्यालाच मिळणार होता, तेवढं मात्र बोलला नाही.

पुढे भिलांचा पाडा. त्यांची सगळी गुरं त्याच कुरणावर जगत. थावरी नावाच्या म्हातारीने ताकाचं मडकं आणलं. मामांनी तसेच हात जोडले. ती मडकं घेऊन आत गेली. मग ज्याला विचारावं तो म्हणे, "सब ठीक है, बापजी." मामांनी लिहिलं, पाड्याची तक्रार नाही.

अहवाल द्यायच्या आदल्या दुपारी थावरी मोळी विकायला धारला आली, ती नेमकी मामांच्या दारात. ती त्याच पाड्याची आहे हे कळल्यावर मामीने विचारलं, "कुरण बंद झालं तर चालेल ना तुम्हाला?"

"ढोर मरी जायगा, बई."

"मग यांना सांगितलं का नाही?"

"थाँका मालक म्हारा हाथ की छाछ नी पीवे, म्हारी बात कई लिखेगा?"

मामा ओसरीवरच बसले होते. मामी त्यांच्याकडे वळली. "ऐकलंत? पाटलाला तुमचा नियम दिसला. हिला जात दिसली."

इतका सरळ माणूस, आणि इतकं साधं त्याला दिसू नये! मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मामा कचेरीऐवजी पाड्यावर गेले. थावरीकडे ताक मागून घेतलं आणि सगळ्यांदेखत प्याले. त्या काळी आमच्या लोकांत हे सोपं नव्हतं. पुढे वर्षभर त्यांना कोणी पंगतीला बोलावलं नाही. पण त्या दिवशी पाडा संध्याकाळपर्यंत बोलत होता. गुरं किती, दुसरं रान किती लांब, ठेक्यावर डोळा कोणाचा, सगळं.

नव्या अहवालाच्या माथ्यावर मामांनी लिहिलं, "पाटलाच्या खाटेवर मी दोन तास बसलो. पाड्यावर ताक प्यालो. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवावं."

कचेरीचे वरिष्ठ कामदारसाहेब भडकले. "नीलकंठराव, याला निःपक्षपाती कसं म्हणायचं?"

"म्हणू नका, साहेब. पण आपण एकदा पाड्यावर जाऊन या."

साहेब खरंच गेले. कुरण खुलं राहिलं. मामांवर मात्र "एका बाजूला कललेला" असा शेरा पडला, आणि त्यांना पुन्हा चौकशीवर धाडलं नाही.

आम्ही चिडायचो. मामा म्हणायचे, "शेरा बरोबर आहे रे. फक्त तो माझ्या पहिल्या अहवालावर पडायला हवा होता."