दीड तासाचे मोदक

त्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, दोन साड्या पिळून वाळत घातल्या आणि एकवीस मोदक उकडायला ठेवले. दुपारी दुबईचं विमान होतं. तिकिटावर स्वच्छ छापलेलं: मुंबई चार, दुबई साडेपाच. म्हणजे दीड तास. आम्हाला पनवेलहून विमानतळ गाठायलाच त्याहून जास्त लागतो.

आमचे हे बारा वर्षं दुबईत जबल अलीला एका गोदामात कामाला होते. सुट्टी संपली की लाडू, पापड, कोकम सगळं न्यायचे, मोदक मात्र नाही. म्हणायचे, पोचेपर्यंत दगड होतात. दीड तासाचाच प्रवास, असं सांगणारेही हेच. मग दगड कसे होतात? या भांडणाचा निकाल न लावताच ते गेले. दोन वर्षांनी आमच्या मुलानं, महेशनं, दुबईतल्या अल कुसैसहून तिकीट पाठवलं, तेव्हा मी ठरवलं, त्यांच्या खोलीवर मऊ मोदक पोचवायचे आणि भांडण जिंकायचं.

विमानात डबा मांडीवर, मनगटावर ह्यांचं घड्याळ. ते कायम दीड तास मागे असायचं. सुट्टीवर आले तरी तसंच. ते गेल्यावर मी ते दुरुस्तीला दिलं, तर घड्याळवाल्यानं नुसते काटे पुढे केले आणि पैसे घेतले नाहीत.

त्यात साडेपाच वाजले. खाली समुद्रच. मी हवाईसुंदरीला बोलावून रस्ता चुकलाय का विचारलं.

"आंटी, अभी तो आधा हुआ है," ती म्हणाली.

मी डबा उघडून बघितला. तेवढ्या वासानं चार रांगांतले लोक वळून बघायला लागले.

महेश टॅक्सीत हसत होता. तीस दिरहॅम झाले, म्हणजे जवळजवळ चारशे रुपये, तेवढ्या वेळात त्यानं समजावलं: दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि तिकिटावर जिथली तिथली वेळ छापतात. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास, उड्डाण तीन तासांचं.

"खलास, आई, तुझे मोदक."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सगळ्यांची सुट्टी. जबल अलीला ह्यांच्या खोलीत ह्यांचे जुने सोबती दत्ताराम भावजी अजून राहत होते. मोदक तडकले होते. भावजींनी भाताच्या पातेल्यावर चाळणी ठेवून त्यांना वाफ दिली आणि खोलीतल्या सगळ्यांनी डबा चाटूनपुसून संपवला. मी तीन तासांचं गाऱ्हाणं सांगितलं, तर भावजी खाली बघून हसले.

"वहिनी, त्याला आम्ही लई चिडवायचो. तो म्हणायचा, दीड तास सांगितलं की ती निम्मीच काळजी करते."

मी चाळणी घासायला घेतली. ती स्वच्छच होती.

तुम्ही जाणार असाल तर विमानात शाल ठेवा, थंडी फार. मोदक न्यायचे तर तिकडे आधी चाळणीची सोय बघा. परतीच्या तिकिटावर दुबई दोन, मुंबई साडेसहा होतं. शेजारची बाई म्हणाली, लोक टीव्ही आणि ब्लँकेटं भरतात म्हणून येताना विमान हळू चालतं. मी तिला वेळेचं सगळं समजावलं. तिला पटलं नाही.

घरी आले. डबा रिकामा, भांडण हरलेलं, आणि त्यांनी मला इतकी वर्षं गंडवलं याचं हसू येत होतं, मधेच थांबत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी भरून झाल्यावर मी ह्यांचं घड्याळ पुन्हा दीड तास मागे केलं.