विकत काही आणलं नाही

आमच्या शेजाऱ्यांना एकाच गोष्टीचा अभिमान आहे: ते विकत काही आणत नाहीत. सध्या ते घरातच व्हिडिओ गेमचं मशीन बनवताहेत, पूर्वी पार्लरमध्ये असायचं तसं, पण गुडघ्याएवढं. ड्रिलसुद्धा घरचंच, मिक्सरची मोटर काढून केलेलं. वहिनी हल्ली चटणी खलबत्त्यात कुटतात, आणि जरा जास्तच जोरात कुटतात. खेळायची दांडी म्हणजे ताकाची रवी. "डोकं लागतं, शेठ, डोकं!" हे दर दोन वाक्यांनंतर असतंच. बटणं द्वारका चौकातल्या कुठल्याही दुकानात मिळतील, असं मी एकदा सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

त्याच आठवड्यात आमच्या दारावरच्या बेलचं बटण चोरीला गेलं. भिंतीवर नुसत्या वायरी लोंबत होत्या. सगळ्यात जास्त हळहळले तेच. "काय एकेक लोक असतात!" म्हणाले.

रविवारी मशीन तयार झालं. नारळ फुटला, पहिल्यांदा खेळायचा मान मला मिळाला. गोळी झाडायच्या बटणावर हिरवा ठिपका होता. दिवाळीत दार रंगवताना तो माझ्याच हातून पडला होता. मी बटण जोरात दाबलं.

"अहो, हळू!" त्यांनी माझा हात धरला. "आधीच कुणीतरी दाबून दाबून पार ढिलं केलंय."